मागं मी हाय

फुटबॉल मी बेताचाच खेळायचे. डाव्या बाजूला मागे उभी राहायचे, समोरून येणारीला अडवायला बघायचे आणि बॉल पायात आला की घाईघाईने कुणाच्या तरी गळ्यात मारून मोकळी व्हायचे. तरीही बारामतीच्या कॉलेजातली ती दोन वर्षं मैदानावर मी जितकी निर्धास्त होते, तितकी नंतर कुठंच झाले नाही. नोकरीत नाही, संसारात नाही. त्याला कारण आमच्या संघातली एक मुलगी होती.

आमच्यात गावावरून हाक मारायची पद्धत होती, कारण एकाच नावाच्या दोन-दोन, तीन-तीन मुली होत्या. मी पिंपळीची म्हणून मी पिंपळी. आमची गोलकीपर काटेवाडीची, ती काटेवाडी. आणि ही डाळजची. भिगवणच्या पुढं सोलापूर रस्त्याला लागून तिचं गाव. बारामतीत ती हॉस्टेलला राहायची.

आम्हाला शिकवणारे कॉलेजातले सर नव्हते. शहरात ज्यांचं शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं, ते चाचा सकाळी दुकान उघडायच्या आधी मैदानावर यायचे. तरुणपणी पुण्यात एका क्लबाकडून खेळलेले. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून एकेकीला विचारलं, "तू कुठं खेळतीस?" बहुतेकजणींना खेळायचंच माहीत नव्हतं, मग कुठं खेळणार? कुणी म्हणालं पुढे, कुणी म्हणालं मध्ये. डाळजचीची पाळी आली तेव्हा ती गोंधळली.

"कुठं म्हंजे? आमच्या गावात."

सगळ्या हसल्या. चाचाही हसले. म्हणाले, "तसं न्हाय गं. गोल मारतीस का गोल अडवतीस?"

"ज्याच्यापाशी बॉल असंल त्याच्याकडं पळायचं," ती म्हणाली. "आमी तसंच खेळतो."

ते 'तसंच' म्हणजे काय, हे मला पुढं तिच्या गावाला गेल्यावर कळलं. उन्हाळ्यात उजनी धरणाचा फुगवटा मागं सरकतो आणि पाण्याखालची जमीन उघडी पडते. कुणी तिच्यावर गाळपेर करतं, पण काही पट्टे नुसतेच पडून असतात, परातीसारखे सपाट, उन्हानं तडकलेले. तिथं ती आणि तिचे चुलतभाऊ खेळायचे. माणसं कमी आणि मैदान न संपणारं. एका बाजूला तिघं, फार तर चौघं. त्यामुळे पुढची, मागची, मधली अशी वाटणी परवडायचीच नाही. गोल मारून आलेल्यालाच पळत मागं जाऊन गोल वाचवावा लागायचा. बॉल लांब गेला तर पाण्यात जायचा, म्हणून तो छातीवर, मांडीवर, डोक्यावर कसाही थांबवायला ती शिकली होती.

चाचांनी तिला आठवडाभर पुढे खेळवलं. तिनं गोल मारले. मग मध्ये खेळवलं, तर पुढच्या पोरींना असे पास मिळायला लागले की त्याही गोल मारायला लागल्या. मग मागे ठेवलं. त्या दिवशी सरावाला आलेल्या मुलांच्या संघाला आमच्या गोलपर्यंत पोचता आलं नाही. दोन्ही पाय सारखे चालायचे तिचे. बॉल ओढून घेताना समोरच्या मुलीला धक्का लागायचा नाही. ती मुलगी आपली तशीच पुढं पळत जायची आणि मग तिला कळायचं, बॉल आपल्यापाशी नाही. थ्रो टाकायची तो थेट गोलसमोर. कॉर्नरला उडी मारायची तेव्हा आम्ही लांब मागं उभ्या असूनही तिच्या कपाळाचा टप्पकन आवाज ऐकू यायचा.

शेवटी चाचांनी वाटणी सोडून दिली. "तू मधे उभी ऱ्हा," ते म्हणाले, "आन् मग तुझं तू बघ."

मला मात्र तिचे गोल तितके आठवत नाहीत. मला तिचा आवाज आठवतो. माझ्यासमोर एखादी तरणीताठी, वेगानं येणारी मुलगी आली की माझे पाय जड व्हायचे. पुढं जाऊन भिडावं, तर ती बगलेतून निसटून जायची भीती. न भिडावं, तर ती गोलपर्यंत जाणार. अशा वेळी पाठीमागून, ती तिथं कधी येऊन पोचली हे मला न कळता, आवाज यायचा, "जा पुढं, पिंपळे. मागं मी हाय."

मी जायचे. कधी बॉल मिळायचा, बऱ्याचदा नाही मिळायचा. नाही मिळाला तर मागं ती असायचीच. आणि मी सावरून मान वर करेपर्यंत ती बॉल घेऊन अर्धं मैदान ओलांडून गेलेली असायची. एकदा मी तिला विचारलं, "मी चुकणार हे तुला आधीच कसं कळतं गं?"

"तू चुकतीस म्हणून न्हाय येत," ती म्हणाली. "तू जाशील का न्हाय, ते बघाया येती."

दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा इंदापूरला भरल्या. दिवस थंडीचे होते, ऊसतोडीचे. आम्ही सकाळी बारामतीहून निघालो तेव्हा रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या. आमचा ड्रायव्हर एकेक ट्रॉली ओलांडताना चाचा मागं बघून म्हणायचे, "आसंच खेळायचं. घाई न्हाय करायची, पर जागा दिसली की सुटायचं."

त्या दिवशी आमचा उपांत्य सामना पुण्याच्या एका संघाशी होता. त्यांचे बूट बघून आम्ही आपले पाय मागं ओढून घेतले होते. डाळजचीचे बूट तिच्या चुलतभावाचे होते, पुढं कापूस भरलेला. सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच त्यांनी आमच्यावर गोल केला, तोही माझ्याच बाजूनं. मी मान खाली घातली. डाळजची माझ्याजवळून जाताना फक्त माझी वेणी ओढून गेली.

पुढं अर्धा तास मी जे बघितलं, ते आजही मला जसंच्या तसं आठवतं. तिनं आमच्या गोलपाशी बॉल काढून घेतला, उजवीकडं दिला, स्वतः पळत गेली, परत घेतला आणि आमच्या पुढच्या मुलीला असा दिला की तिला फक्त पाय लावायचा होता. बरोबरी. थोड्या वेळानं कॉर्नर मिळाला आणि तिनं डोक्यानं दुसरा केला. त्यांच्या प्रशिक्षकांनी मग तिच्या मागं दोन मुली लावल्या. तर ती मागं सरकली, त्या दोघीही तिच्याबरोबर मागं आल्या आणि पुढं आमच्या मुलींना मोकळं रान मिळालं. इंदापूरची माणसं, जी सहज बघायला आली होती, ती रेषेपाशी येऊन उभी राहिली. एक पागोटेवाले आबा ओरडले, "आरं, ह्या पोरीला दोन जुळ्या हायत्या का काय!"

मध्यंतर झालं आणि लगेचच काटेवाडी पडली. कॉर्नरचा बॉल अडवताना तिचा हात खांबावर आपटला. मनगट डोळ्यांदेखत सुजलं. आमच्याकडं दुसरी गोलकीपर नव्हती. चाचांनी नुसतं डाळजचीकडं बघितलं. तिनं काटेवाडीचे हातमोजे उचलले, ते तिला मोठे होते, मनगटाशी दातांनी आवळून घेतले आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

आता पुढं बॉल नेणारं कुणी नव्हतं. सगळा खेळ आमच्याच गोलसमोर चालू झाला. बॉल पुन्हा पुन्हा तिच्यावर येत राहिला आणि ती अडवत राहिली. खाली झेपावून, वर उडून, एकदा तर चक्क गुडघ्यानं. शेवटी शेवटी पेनल्टी बसली आमच्यावर. मारणारीनं डावीकडं बघून उजवीकडं मारला. डाळजची उजवीकडंच होती. बॉल छातीशी धरून ती जमिनीवर पडून राहिली, शिट्टी वाजली आणि आम्ही सगळ्या तिच्या अंगावर जाऊन पडलो.

विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे एक गृहस्थ त्या दिवशी पुण्याहून येणार होते. त्यांची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली आणि ते पोचले तेव्हा मध्यंतर होऊन गेलं होतं. म्हणजे त्यांनी पाहिला तो निम्माच सामना. सामना संपल्यावर ते चाचांपाशी आले आणि म्हणाले, "तुमची गोलकीपर मला हवी आहे. पुण्यात राहून शिकेल, खेळेल."

चाचा म्हणाले, "साहेब, ती गोलकीपर न्हाय."

गृहस्थांना वाटलं, चाचा तिला सोडायला तयार नाहीत. चाचांनी पहिल्या अर्ध्या भागातलं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, आणि म्हणाले, "असेलही. पण पुढं खेळणाऱ्या मुली माझ्याकडं खूप आहेत. अशी कीपर नाही."

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना आम्ही हरलो. काटेवाडीचा हात प्लॅस्टरमध्ये होता, डाळजची गोलमध्ये होती, आणि गोल मारायला आमच्यात कुणीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी बस निघायला वेळ होता म्हणून आम्ही दोघी इंदापूरच्या स्टँडजवळ रसवंतीवर बसलो. घुंगरांचा आवाज चालू होता. तिनं रसाचा ग्लास नुसताच हातात धरला होता.

"तुला काय वाटतं, पिंपळे?"

"जा," मी म्हणाले. "असं बोलावणं परत येत नसतं."

"पर मला उभं ऱ्हायाला बोलावलंय त्यांनी. पळायला न्हाय." ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, "समदी पळणार आन् मी बुजगावण्यागत उभी. जमंल का मला?"

मी म्हणाले, "जमेल." दुसरं काय म्हणणार होते? ती गेली नाही तर ती माझ्या मागं असणार होती, आणि मला ते हवं होतं, इतकं हवं होतं की मी रस घटाघटा पिऊन टाकला आणि पुन्हा एकदा म्हणाले, "जा तू."

घरी विचारायला ती गेली तेव्हा मीही सोबत गेले. तिचे वडील ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि माझ्याकडं बघून हसले.

"ही एका जागी उभी ऱ्हाणार? बाई, आमच्या हिला जेवायला सुदीक एका जागी बसता येत न्हाय."

"तात्या, जाऊ का नको, ते सांगा की," ती वैतागून म्हणाली.

"जा की. न्हाय जमलं तर ये माघारी. घर काय पळून चाललंय व्हय?"

ती गेली. न जमायचा प्रश्नच आला नाही. विद्यापीठाकडून खेळली, मग एका केंद्रीय दलात खेळाडू म्हणून तिला नोकरी लागली आणि ती पार ईशान्येकडं, डोंगरातल्या एका गावी राहायला गेली. तिचा गणवेशातला फोटो तिच्या वडिलांनी समोरच्या खोलीत लावला. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला, तो खराच होता.

पण कॉलेजचं शेवटचं वर्ष मला जड गेलं. चाचा होते, काटेवाडी बरी होऊन परत आली होती, संघ तसा वाईट नव्हता. समोरून मुलगी यायची आणि माझे पाय जमिनीला चिकटायचे. मी मागं वळून बघायचे. मागं नुसतं गवत आणि लांब काटेवाडी, हात पसरून उभी. चाचा बाहेरून ओरडायचे, "मागं काय बघतीस, पुढं बघ!" सरावानं हळूहळू मी वळायची थांबले. लोक म्हणाले, ही आता सुधारली. मला तसं काही वाटलं नाही.

लग्न होऊन मी इंदापूरला आले. इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवते. फुटबॉल सुटला. तिचे फोन यायचे, आधी दर आठवड्याला, मग सणावाराला. तिथली थंडी, तिथला भात, वरिष्ठांचं ओरडणं, सगळं सांगायची. खेळाबद्दल विचारलं की म्हणायची, "चाललंय."

एकदा तिच्या संघाचा सामना मोबाईलवर दिसणार होता. शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बसले. बाकीच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, ही आमच्या बारामतीची. त्याही बघायला लागल्या. पण कॅमेरा बॉलच्या मागं जातो. तिचा संघ चांगला खेळत होता, बॉल सगळा वेळ तिकडच्या टोकाला होता, आणि ती कुठंच दिसेना. एकजण म्हणाली, "अहो, तुमची मैत्रीण आहे कुठली?" मी म्हणाले, "येईल आत्ता." आणि माझ्या लक्षात आलं, ती दिसावी म्हणून मी तिच्या संघावर संकट यायची वाट बघतेय. शेवटी एकदा बॉल इकडं आला. तिनं पुढं येऊन तो अलगद उचलला आणि लांब फेकला. इतकंच. बायका म्हणाल्या, छान. तास सुरू झाल्याची घंटा झाली. वर्गात नद्यांच्या खोऱ्यांचा नकाशा लावताना मला वाटत राहिलं, हिला एकदा, फक्त एकदा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळताना बघायचं आहे. त्या दलातल्या कुणालाच माहीत नसेल की ही पळायची कशी. आम्हा दहाजणींनाच ते ठाऊक, आणि आम्हीही आता चहूकडं पांगलेल्या.

गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला ती सुट्टीवर आली. एका संध्याकाळी भावाची मोटारसायकल घेऊन एकटीच इंदापूरला माझ्याकडं आली. खांदे रुंद झाले होते, केस कापलेले. माझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि म्हणाली, "चल, तुझी शाळा दाव."

शाळेला सुट्टी होती. मैदानावर कुणी नव्हतं. खेळाच्या खोलीतून मी एक बॉल काढून आणला, हवा जरा कमीच होती. आम्ही कडेच्या लिंबाखाली बसलो. मी तिला मनातलं विचारून टाकलं.

"तुला पळावंसं वाटत नाही का गं?"

"पयल्या वर्षी लई वाटायचं," ती म्हणाली. "रडायची मी. आता न्हाय वाटत."

"खरं सांग."

"खरंच. तुला सांगू का, आपण खेळायचो तवा मला तुमी कुणी दिसतच न्हवता. बॉल तेवढा दिसायचा. आता मागं उभी ऱ्हाती ना, तर समद्या दिसत्यात. कोण दमली, कोण भ्यायली, कोण उगंच रागावलीय. मी वरडून सांगती त्यास्नी." ती हसली. "मला हे लई आवडाया लागलंय, पिंपळे."

इतकी वर्षं मी तिच्यासाठी हळहळत होते. तिचा अर्ध्याहून जास्त खेळ त्या उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून राहिला असं मला वाटत होतं. आणि ती तर इथं लिंबाच्या काडीनं दात टोकरत सुखात बसली होती. म्हणजे जे हरवलं होतं ते तिचं नव्हतं. माझं होतं.

"मला एकदा पळून दाखव," मी म्हणाले.

"येडी का काय?"

"दाखव ना."

तिनं माझ्याकडं बघितलं, चपला काढल्या, पँट दोन घड्या वर केली आणि बॉल घेऊन सुटली. पळाली ती चांगलीच, पाय तसेच पडत होते, बॉल बोटांना चिकटल्यासारखा. पण अर्ध्यात गेल्यावर तिचा वेग आपोआप कमी झाला. ती थांबली, इकडं तिकडं बघितलं, हात कमरेवर ठेवून हसायला लागली.

"कुणाकडं पळू गं?" तिकडूनच ओरडून म्हणाली. "हितं कोणच न्हाय!"

खरंच कुणी नव्हतं. तिचं पळणं आमच्यातल्या कुणाकडं तरी असायचं. कुणाचा बॉल सुटला, कुणाची जागा मोकळी पडली, कुणी घाबरून उभी राहिली, की तिकडं. मोकळ्या मैदानावर तिला पळायला कारणच नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

परत येऊन ती धापकन माझ्याशेजारी बसली. घाम पुसत म्हणाली, "चाचांचं दुकान चालू हाय का अजून?"

"मुलगा बघतो. चाचा बसतात नुसते गल्ल्यावर."

"उद्या जाऊन येऊ दोघी."

गेलो आम्ही. चाचांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी तिला ओळखलं, उठून उभे राहिले, डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं मुलाला म्हणाले, "हीच ती." मुलानं विचारलं, "कोण, ती गोलकीपर का?" चाचांना ते ऐकू गेलं नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि ती म्हणाली, "व्हय भाऊ, गोलकीपरच."

त्या आठवड्याच्या शेवटी ती परत गेली. दुपारी मी शाळेत जाऊन निकाल बघत बसले होते तेव्हा गाडीतून तिचा फोन आला. डब्यात गर्दी होती, मागं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"आईनं दिलेलं लोणचं सांडलं बॅगेत," ती म्हणाली. "समदी वर्दी आंब्याच्या वासाची झालीया. आता परेडला कशी जाऊ?"

"धू की पोचल्यावर."

"धुती. तू काय करतीस?"

मी सांगायला लागले, पण तिकडं आवाज तुटायला लागला. "हॅलो, पिंपळे, हॅलो," असं दोनदा ऐकू आलं आणि मग काहीच नाही. ती परत लावेल म्हणून मी फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिले. बाहेर शाळेच्या मैदानावर ऊन होतं, आणि कुणीतरी शेळ्या आत सोडल्या होत्या.